बँकांवरची देखरेख आंतरराष्ट्रीय कसोटीला उतरते का? अहवाल कसा वाचायचा आणि ठाण्यातल्या आपल्या बँकेला कसा लावायचा

१३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून शाखांबाहेर रांगा लागल्या. तिजोरीतल्या रोकडीत १२२ कोटींचा अपहार झाल्याचं ते प्रकरण. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं प्रकरण झालं होतं. दोन्ही वेळा ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं: "रिझर्व्ह बँक काय झोपली होती का?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायची एक रीत आहे आणि ती फारसं कुणी वापरत नाही. देशाचा बँक-नियामक आपलं काम किती नीट करतो, हे बाहेरचे तज्ज्ञ येऊन ठरलेल्या निकषांवर तपासतात, अहवाल लिहितात, आणि तो कुणालाही फुकट वाचता येतो. अहवाल जाडजूड असतो, इंग्रजीत असतो, पण कुठलं पान आधी उघडायचं हे कळलं तर सोसायटीच्या खजिनदारालाही दोन संध्याकाळींत त्यातलं सार काढता येतं. खाली तेच पायरीपायरीने दिलं आहे. शेवटच्या पायऱ्या मुद्दाम मोठ्या ठेवल्या आहेत, कारण देशाला मिळालेला शेरा आणि नौपाड्यातल्या तुमच्या शाखेत ठेवलेली एफडी यांच्यात बरंच अंतर असतं.

पायरी १: कसोटी कुणाची, हे आधी समजून घ्या

१९७४ मध्ये जर्मनीतली हेरश्टाट बँक बुडाली आणि तिचे धक्के थेट न्यूयॉर्कपर्यंत बसले. त्यानंतर दहा प्रमुख देशांच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरात बँक-देखरेखीची समिती स्थापन केली. हीच ती बासल समिती. भारत तिचा सदस्य झाला २००९ मध्ये. समितीला कुठल्याही देशावर कायद्याचा अधिकार नाही. ती मानकं ठरवते, देश ती स्वतःहून स्वीकारतात.

या मानकांचे दोन प्रकार आहेत आणि वर्तमानपत्रांत त्यांची हमखास गल्लत होते. पहिला प्रकार भांडवल (तोटा सोसायला बँकेकडे असलेला स्वतःचा पैसा) आणि रोखता (देणी भागवायला हाताशी असलेली रोकड) यांच्या नियमांचा: बासल एक, दोन, तीन. बँकेने किती भांडवल राखावं, हे ते सांगतात. दुसरा प्रकार म्हणजे 'मूलभूत तत्त्वं'. ती बँकेसाठी नसून बँकेवर नजर ठेवणाऱ्यासाठी आहेत. १९९७ मध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा २५ होती, २०१२ च्या आवृत्तीत २९ झाली, आणि एप्रिल २०२४ च्या सुधारणेनंतरही २९ च आहेत. पहिली १३ तत्त्वं नियामकाचे अधिकार, स्वातंत्र्य आणि कामाची पद्धत यांबद्दल. १४ ते २९ नियामकाने बँकांकडून काय करून घ्यावं याबद्दल.

रिझर्व्ह बँक झोपली होती का, याचं उत्तर या दुसऱ्या प्रकारात सापडतं.

पायरी २: योग्य कागद उचला

तीन वेगळे कागद आहेत.

एक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक मिळून करतात ते वित्तीय क्षेत्राचं मूल्यमापन. १९९७ च्या आशियाई संकटानंतर, १९९९ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. जागतिक अर्थव्यवस्थेत वजन असलेल्या देशांना, म्हणजे भारतालाही, ते साधारण दर पाच वर्षांनी बंधनकारक आहे. भारताचे अलीकडचे अहवाल २०१७ चा आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला. यात अख्ख्या वित्तव्यवस्थेचा आढावा असतो.

दोन, याच कार्यक्रमाखाली होणारं मूलभूत तत्त्वांचं सविस्तर मूल्यमापन. यात प्रत्येक तत्त्वावर स्वतंत्र शेरा असतो. आपल्याला मुख्यतः हाच कागद हवा.

तीन, बासल समिती स्वतः करते ती नियमांची तपासणी: देशाने बासल तीनचे नियम कागदावर जसेच्या तसे उतरवलेत का, एवढंच ती बघते. जून २०१५ मध्ये भारताच्या भांडवल-नियमांना इथे 'पूर्ण पालन' आणि रोखतेच्या नियमाला 'बहुतांशी पालन' असा शेरा मिळाला. तो वाचून खूश व्हायला हरकत नाही, पण नियम लिहिणं आणि तो पाळायला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. या तिसऱ्या कागदाला दुसऱ्याचं काम करता येत नाही.

पायरी ३: शेऱ्यांची भाषा ओळखा

प्रत्येक तत्त्वाला चारपैकी एक शेरा मिळतो: पूर्ण पालन, बहुतांशी पालन, ठळक त्रुटी, पालन नाही. अहवालाच्या सुरुवातीला या सगळ्यांचा एक तक्ता असतो, आणि बहुतेक वाचक तिथेच थांबतात. तिथे थांबू नका.

एकूण गुण असा प्रकार यात नसतो आणि देशांची क्रमवारी लावणंही अपेक्षित नाही. 'अमक्या देशाला २९ पैकी इतक्यांत पूर्ण पालन, म्हणून तो आपल्यापुढे' अशी पोस्ट कुणी टाकली तर सोडून द्या. परीक्षक वेगळे, वर्ष वेगळं, निकषांची आवृत्तीही वेगळी असते. शिवाय दहावीच्या निकालासारखं इथेही कुठल्या विषयात मार्क गेले हे टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं असतं. परवान्याच्या तत्त्वात पैकीच्या पैकी मिळवून कारवाईच्या तत्त्वात मागे पडलेला नियामक ठेवीदाराच्या फारसा कामाचा नाही.

शेऱ्याखालचा मजकूर वाचताना दोन गोष्टी वेगळ्या काढा: कायद्याने अधिकार दिला आहे का, आणि तो प्रत्यक्षात वापरला जातो का. परीक्षक हे दोन्ही तपासतात. नियामकाच्या अधिकाऱ्यांशी बोलतात, तपासणीच्या फायली बघतात, बँकांनाही भेटतात. अहवालाच्या शेवटी देशाच्या अधिकाऱ्यांचं उत्तर छापलेलं असतं. ते जरूर वाचा. मतभेद कुठे आहेत ते तिथे कळतं, आणि बऱ्याचदा खरी मेख तिथेच असते.

पायरी ४: २९ पैकी आधी ही वाचा

क्रम माझा आहे. दुसरं तत्त्व सर्वांत आधी, कारण ते नियामकाच्या स्वातंत्र्याचं आहे आणि भारताची जुनी दुखरी नस तिथेच आहे. सरकारी बँका बँकिंग नियमन कायद्याच्या सगळ्या कलमांखाली येत नाहीत. खासगी बँकेच्या संचालकाला रिझर्व्ह बँक काढू शकते, तिचा परवाना रद्द करू शकते. सरकारी बँकेबाबत हे अधिकार तिच्याकडे नाहीत. २०१७ च्या अहवालाने हे अधिकार वाढवायला सांगितलं होतं. मार्च २०१८ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी गांधीनगरच्या भाषणात हीच तक्रार उघडपणे मांडली: बँकेची मालकी कुणाची आहे यावर नियामकाचे अधिकार ठरू नयेत.

मग आठवं आणि नववं, म्हणजे देखरेखीची पद्धत आणि साधनं. दहावं, बँका नियामकाला जी माहिती पाठवतात तिच्याबद्दल. अकरावं, चूक सापडल्यावर वेळेत पाऊल उचलण्याबद्दल.

त्यानंतर थेट १८, १९ आणि २०: थकीत कर्जं आणि त्यांच्यासाठी केलेली तरतूद (कर्ज बुडेल म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम), एकाच कर्जदाराकडे किंवा गटाकडे एकवटलेली जोखीम, आणि आपल्याच माणसांना दिलेली कर्जं. माझ्या मते सामान्य ठेवीदाराचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा या तिघांपैकी एका दारातून. फेब्रुवारी २०२५ च्या अहवालाने भारताला काय सुचवलं ते बघा: अपेक्षित तोट्यावर आधारित तरतुदीची पद्धत आणा, आणि वैयक्तिक कर्जप्रकरणं, तारणाचं मूल्यांकन, एकमेकांशी जोडलेले कर्जदार-गट, मोठ्या कर्जांच्या मर्यादा आणि संबंधितांशी होणारे व्यवहार यांवरची देखरेख वाढवा. म्हणजे जवळजवळ तीच तीन तत्त्वं. बाकी त्या अहवालाचा सूर बराच समाधानाचा आहे. तीव्र धक्का बसला तरी बँकांचं एकूण भांडवल मध्यम गतीचा कर्जपुरवठा चालू ठेवण्याइतकं आहे, असं तो म्हणतो.

मग पाठपुरावा झाला का? तरतुदीबाबत रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मसुदा काढला आणि १ एप्रिल २०२७ पासून तो लागू करण्याचा प्रस्ताव ठेवला. पण तो अनुसूचित व्यापारी बँकांसाठी, नागरी सहकारी बँकांसाठी नव्हे. इथून पुढे हा फरक सारखा लक्षात ठेवायचा आहे.

पायरी ५: आकडे शेजारी शेजारी ठेवा

हे काम सोपं आहे. जोखीमभारित मालमत्तेच्या (म्हणजे धोक्यानुसार वजन देऊन मोजलेल्या कर्ज-गुंतवणुकीच्या) तुलनेत किमान भांडवल बासल ८ टक्के मागते, रिझर्व्ह बँक व्यापारी बँकांकडून ९ टक्के, आणि वरचा २.५ टक्क्यांचा राखीव थर धरून ११.५. त्यातलं निव्वळ भागभांडवलाच्या दर्जाचं भांडवल बासलला ४.५ टक्के पुरतं, आपल्याकडे ५.५ लागतं. धोक्याचं वजन न लावता मोजलेल्या एकूण कर्ज-गुंतवणुकीच्या तुलनेत भांडवलाचा बासलचा किमान आकडा ३ टक्के, आपल्याकडे ३.५, आणि स्टेट बँक, एचडीएफसी, आयसीआयसीआय या तीन मोठ्या बँकांना ४.

कागदावर आपण कडक आहोत. मार्च २०१८ मध्ये देशातल्या व्यापारी बँकांची ढोबळ (तरतूद वजा न करता मोजलेली) थकीत कर्जं ११ टक्क्यांच्या वर होती, मार्च २०२५ मध्ये ती २.३ टक्क्यांवर आली. सुधारणा खरी आहे. पण कडक नियम तर २०१८ मध्येही होते.

पायरी ६: तुमची बँक या चौकटीत कुठे बसते ते शोधा

ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न जास्त टोकदार आहे, कारण इथला मध्यमवर्ग सहकारी बँकांवर वाढला. ठाणे जनता, ठाणे भारत, पारसिक, डोंबिवली नागरी, कल्याण जनता ही नावं इथल्या घराघरांत खातेपुस्तकांवर आहेत. वाशी-नेरुळमध्येही सोसायटीचं खातं बऱ्याचदा सहकारी बँकेतच असतं.

आंतरराष्ट्रीय अहवालांचा झोत मुख्यतः व्यापारी बँकांवर असतो. नागरी सहकारी बँकांना बासल तीन लागू नाही. त्यांचं भांडवल १९८८ च्या पहिल्या बासल चौकटीप्रमाणे मोजलं जातं. डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने त्यांचे चार स्तर पाडले. ठेवी १०० कोटींपर्यंत असतील तर पहिला, १,००० कोटींपर्यंत दुसरा, १०,००० कोटींपर्यंत तिसरा, त्यावर चौथा. पहिल्या स्तराला ९ टक्के भांडवल पुरतं, बाकी तिघांना ३१ मार्च २०२६ पर्यंत १२ टक्के गाठायचं होतं. जिल्हा मध्यवर्ती बँकेची तपासणी नाबार्ड करते.

आणि पतसंस्था? ती बँक नव्हे. ती सहकार खात्याच्या निबंधकाखाली येते, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत नाही, आणि तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. चौथं तत्त्व म्हणतं की परवाना नसलेल्याला स्वतःला बँक म्हणवू देऊ नये. त्यासाठी २०२० मध्ये कायदा आणखी घट्ट झाला, तरी आपल्याकडे पाटीकडे नीट न बघता जास्त व्याजाच्या ओढीने पैसे ठेवणारे कमी नाहीत. शंका असेल तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या परवानाधारक बँकांच्या यादीत नाव शोधा. पाच मिनिटांचं काम.

पायरी ७: १८, १९, २० ही तत्त्वं घेऊन वार्षिक अहवाल उघडा

सहकारी बँकेचा सभासद असाल तर सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेचा अहवाल मिळतो. गुळगुळीत कागद, पुढे अध्यक्षांचं मनोगत, सत्कारांचे फोटो. ते ओलांडून मागे जा, 'हिशेबावरील टिपा' या भागात. अक्षर बारीक असतं, पण सगळं तिथेच आहे.

आधी निव्वळ थकीत कर्जाचं, म्हणजे तरतूद वजा करून उरलेल्या थकीत कर्जाचं, प्रमाण. १ एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या ते चौथ्या स्तरातल्या नागरी बँकांना तातडीच्या सुधारणा कारवाईची चौकट लागू आहे. निव्वळ थकीत कर्ज ६ टक्क्यांना पोचलं की पहिली रेषा ओलांडली, ९ ला दुसरी, १२ ला तिसरी. लागोपाठ दोन वर्षं तोटा झाला तरी कारवाई होऊ शकते. तुमच्या बँकेचा आकडा ५ च्या आसपास असेल आणि तीन वर्षं चढत असेल तर मनोगतातल्या 'दमदार वाटचाली'कडे दुर्लक्ष करा.

मग एकवटलेल्या जोखमीची टीप: पहिल्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे. नागरी सहकारी बँक एका कर्जदाराला पहिल्या दर्जाच्या भांडवलाच्या (मुख्यतः भागभांडवल आणि राखीव निधी) १५ टक्के आणि एका गटाला २५ टक्केच कर्ज देऊ शकते. समजा बँकेचं असं भांडवल २०० कोटी आहे, तर एकाला जास्तीत जास्त ३० कोटी, गटाला ५०. वीस बड्या कर्जदारांचा हिस्सा फार मोठा दिसला, आणि वर घोडबंदर रोडच्या दोन-चार बिल्डरांचीच नावं कर्जदार म्हणून गावात चर्चेत असली, तर सभेत विचारायचा प्रश्न तयार आहे.

पीएमसीचं उदाहरण इथे नीट बघा. मार्च २०१९ च्या ताळेबंदात तिची थकीत कर्जं ४ टक्क्यांच्या आत होती, भांडवल १२ टक्क्यांच्या वर. म्हणजे वरचे दोन्ही आकडे पास. प्रत्यक्षात ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम गटाकडे अडकलं होतं, आणि ते लपवायला २१,००० हून जास्त बनावट खाती दाखवली होती. निर्बंध आले तेव्हा पहिल्यांदा फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली ती जानेवारी २०२२ मध्ये. हे अपयश दहाव्या तत्त्वाचं आहे: बँकेने पाठवलेली माहिती नियामकाने खरी मानली.

म्हणून तिसरी टीप शोधा, लेखापरीक्षकाचा अभिप्राय. 'याच्या अधीन राहून' असं लिहून पुढे जे येतं ते दोनदा वाचा. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत थकीत कर्ज बँकेच्या आकड्यापेक्षा ठरावीक मर्यादेहून जास्त निघालं, तर तो फरकही जाहीर करावा लागतो. आणि वर्षभरातले दंड: रिझर्व्ह बँक प्रत्येक दंडाचं कारण प्रसिद्ध करते. केवायसीतल्या उशिरासाठी झालेला दंड किरकोळ समजा. संचालकांशी संबंधित कर्ज किंवा थकीत कर्जाच्या चुकीच्या वर्गीकरणासाठी झालेला दंड दिसला तर मात्र थांबा; तो विसाव्या आणि अठराव्या तत्त्वाचा भंग आहे.

सभेत अशा प्रश्नावर "ऑडिटर बघतात हो ते सगळं" असं उत्तर मिळतं आणि मागच्या रांगेतून "चहा झाला का?" असा आवाज येतो. म्हणून प्रश्न सभेपूर्वी लेखी द्या आणि पोच घ्या.

पायरी ८: सोसायटीच्या पैशांचं गणित

४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा ५ लाखांचा आहे, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आल्यावर ९० दिवसांत ही रक्कम मिळायची सोय झाली. व्यक्तीला हे बऱ्यापैकी पुरतं. हाउसिंग सोसायटी मात्र एकच ठेवीदार धरली जाते, मग फ्लॅट १२ असोत की ३००. चाळीस लाखांचा सिंकिंग फंड एकाच बँकेत असेल तर विमा पाच लाखांचाच. उरलेले पस्तीस लाख बँकेच्या नशिबावर.

कर्ज घेताना घ्यावे लागलेले शेअर हा वेगळाच विषय. ती ठेव नव्हे, तिला विमा नाही, आणि बँक अडचणीत आली की पहिला फटका भागभांडवलाला बसतो.

तेव्हा कमिटीच्या पुढच्या बैठकीत एक तक्ता मांडा: बँकेचं नाव, स्तर, भांडवलाचं प्रमाण, तीन वर्षांचं निव्वळ थकीत कर्ज, वीस बड्या कर्जदारांचा हिस्सा, दंड, आणि आपली ठेव ५ लाखांच्या किती वर आहे. पैसे कुठे गुंतवता येतात यावर सहकार कायद्याची बंधनं आहेत, ती ऑडिटरकडून तपासून घ्या, आणि त्या चौकटीत ठेवी दोन-तीन बँकांत विभागा. निर्णयाची कारणं इतिवृत्तात लिहा. अर्धा टक्का जास्त व्याज सोडलं म्हणून पुढच्या वर्षी कुणीतरी भांडायला उभं राहणारच आहे. तक्ता दर ऑक्टोबरमध्ये नव्या वार्षिक अहवालावरून भरायचा, आणि रिझर्व्ह बँकेचा वित्तीय स्थैर्य अहवाल जून-डिसेंबरमध्ये येतो तेव्हा त्यातलं नागरी सहकारी बँकांचं पान त्याला जोडायचं.